धूर, आवाज आणि निदान

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन कामे करतो. वैद्य निदान करतो, म्हणजे रोग ओळखतो. आणि ‘निदान एवढे तरी कर’ असे आपण म्हणतो तेव्हा तोच शब्द ‘किमान’ या अर्थाने येतो. संस्कृतात मात्र त्याचा मुख्य अर्थ आदिकारण असा आहे. आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत, त्यांना निदानपंचक म्हणतात : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षणे, उपशय म्हणजे एखादा उपाय करून पाहून त्याने आराम पडतो का यावरून केलेली परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसा पोचला त्याची हकिगत. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ याच चौकटीवर उभा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय वैद्यक नाही. जुना डिझेल ट्रक आहे. तरीही ही पाच नावे आरंभी मांडून ठेवली, कारण पुढे त्यांची गरज पडणार आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांचा इतिहास म्हणून वाचतो. त्यात यंत्रे जन्माला येतात, सुधारतात, कालबाह्य होतात. बिघडत मात्र नाहीत. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या पुस्तकात या सवयीवर बोट ठेवले. यंत्राचे आयुष्य शोधापेक्षा वापरात आणि डागडुजीत जास्त जाते, म्हणून इतिहासही तिथून लिहिला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ते मान्य केले तर बिघाड ओळखण्याची रीत हाच एक ऐतिहासिक दस्तऐवज ठरतो. दोन तक्रारींच्या आधारे तो येथे वाचून पाहायचा आहे. भारतातील कुठल्याही महामार्गालगतच्या गॅरेजात गेली कित्येक दशके त्या ऐकू येत आल्या आहेत : ‘गाडी सकाळी लवकर चालू होत नाही’ आणि ‘गाडी घाटात ओढत नाही’.

यातील पहिली तक्रार समजून घ्यायची तर रुडॉल्फ डिझेलपाशी जावे लागते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते एकविसाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंडली की ती पाचशे अंश सेल्सियसच्याही पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा तुषार सोडला की तो आपसूक पेटतो. या कल्पनेचे जर्मन पेटंट १८९२ सालचे. त्यानंतर आउग्सबुर्ग येथील कारखान्यात सुमारे चार वर्षे प्रयोग चालले. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रा. मोरित्स श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली आणि इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे काम झाल्याचे नोंदवले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत हा आकडा थक्क करणारा होता.

ही काटकसर ज्या गुणामुळे साधली, त्याच गुणात पहिल्या तक्रारीचे मूळ आहे. डिझेल इंजिन स्वतःच्या उष्णतेवर पेटते. परंतु चालू होण्यापूर्वी त्याच्याजवळ उष्णता नसते. ती बाहेरून, स्टार्टरच्या फिरण्यातून, उसनी घ्यावी लागते. स्टार्टर सावकाश फिरला तर कोंडलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि पेटण्याइतकी धग उरत नाही. म्हणून जाणता मिस्त्री डिझेलच्या नळ्यांना हात लावण्याआधी ‘सेल्फ मारून दाखव’ म्हणतो आणि नुसता ऐकतो. आवाज जड, रेंगाळणारा असेल तर दोष बॅटरीत, तिच्या गंजलेल्या टोकांत किंवा स्टार्टरमध्ये शोधायचा. इंजिन निर्दोष असू शकते. आवाज चपळ आहे, पण इंजिन पेटत नाही, असे असेल तरच पुढे जायचे. हा क्रम तर्काचा आहे, आणि तो १८९२ च्या त्या कल्पनेतूनच निघालेला आहे.

दुसरा धागा इंधनाचा. डिझेलच्या मूळ इंजिनात तेल आत ढकलण्यासाठी दाबाखालची हवा वापरीत. त्यासाठी स्वतंत्र कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात किंवा जहाजावर तो चाले, रस्त्यावरच्या गाडीला तो झेपणारा नव्हता. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. नंतर समुद्रात त्याचे प्रेत सापडले. आपल्या नावाचे इंजिन लावलेला मालमोटारींचा ताफा त्याने पाहिला नाही. ते घडायला १९२३-२४ साल उजाडले, आणि रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये इंधनाच्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले तेव्हा त्याला खरी गती आली. या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकी असते. एवढ्या काटेकोर यंत्राला धुळीचा कण, पाण्याचा थेंब आणि हवेचा बुडबुडा हे तिन्ही शत्रू. जुन्या ट्रकच्या बिघाडांचा फार मोठा भाग या तीन शत्रूंची कथा आहे.

भारतात ही कथा स्वातंत्र्यानंतर आली. टेल्को ही कंपनी १९४५ मध्ये रेल्वेइंजिने बांधण्यासाठी निघाली. १९५४ मध्ये तिने डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक बाहेर पडू लागले. हा सहयोग १९६९ पर्यंत टिकला. पंप आणि नोझल देशातच बनावेत म्हणून बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली मायको, १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली होती. सुरुवातीच्या ट्रकांतील ओएम ३१२ हे सहा सिलिंडरांचे इंजिन पूर्वकक्षाच्या घडणीचे होते : डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटायचे आणि ज्वाला तिथून सिलिंडरमध्ये शिरायची. बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लॉरांझ यांची १९०९ ची ही युक्ती. इंजिन त्यामुळे मऊ चाले. पण त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खात, म्हणून थंडीत हीटर प्लग तापवल्यावाचून ते पेटत नसे. पुढे सिलिंडरमध्येच थेट फवारा मारणारी इंजिने आली. सहा सिलिंडर आणि सत्त्याण्णव मिलिमीटर व्यास अशी आपली कुंडली नावातच सांगणारे ‘६९७’ हे त्यांतले सर्वपरिचित नाव. या इंजिनांना हीटर प्लगची तेवढी गरज उरली नाही. म्हणजे ‘सकाळी चालू होत नाही’ हे वाक्य १९५८ साली आणि १९८८ साली उच्चारले गेले तर शब्द तेच, पण पहिला संशय वेगळ्या ठिकाणी जायचा. लक्षण एकच आणि निदान कालसापेक्ष, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला अनोळखी वाटू नये.

आता ‘रूपा’कडे वळू. जुन्या डिझेलचे सर्वांत बोलके रूप म्हणजे धूर. इंजिन फिरवताना मागून काहीच धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण जळत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते, कॉम्प्रेशन गेले आहे किंवा पंपाचे टायमिंग मागे पडले आहे. पांढऱ्या धुरालाही दोन जाती : डिझेलचा वास नसलेली, वाफेसारखी पांढरी रेघ सतत येत असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर पाणी आत शिरत असल्याचा संशय घ्यायचा. चढावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी : एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल तुषाराऐवजी थेंब गाळत असेल, किंवा पंप प्रमाणाबाहेर डिझेल देत असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा घासल्या किंवा वॉल्व्हपाशी तेल उतरते. आणि गाडी ओढत नाही, पण धूरही नाही, हा सगळ्यांत उपयोगी पुरावा. तिथे इंजिन उपाशी आहे. डिझेलच्या वाटेत काहीतरी अडले आहे. न आलेल्या धुराचा अर्थ लावणे हे वाचनाचे वरच्या इयत्तेचे काम होय.

सकाळच्या तक्रारीचे एक अभिजात उदाहरण घेऊ. रात्री ठीक चाललेली गाडी सकाळी दहा-बारा वेळा सेल्फ मारल्यावर कशीबशी पेटते, थोडा वेळ अडखळते आणि मग दिवसभर तक्रार नाही. टाकी खाली, पंप वर. त्या दोहोंमधल्या नळीला, तिच्या वॉशरला किंवा फीड पंपाच्या वॉल्व्हला सूक्ष्म गळती असेल तर रात्रभरात हवा आत शिरते आणि नळीतले डिझेल माघारी टाकीत जाते. बाहेर थेंबही दिसत नाही, कारण त्या भागात दाब नसून ओढ असते. गळती बाहेर होत नाही, आत होते. गॅरेजच्या बोलीत याला ‘डिझेल उतरते’ म्हणतात. परीक्षा साधी आहे. सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरचा हातपंप मारायचा. तो आधी पोकळ लागला, काही दाबांनंतर घट्ट झाला आणि मग इंजिन पहिल्या फटक्यात पेटले, तर निदान झाले. हातपंपाने रोग बरा झाला नाही, कळला. हाच ‘उपशय’. लक्षणे गूढ असतील तेव्हा व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे चरकसंहिता सांगते. पुढचे काम मग चिकाटीचे : एकेक सांधा तपासायचा, नळीचा तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी लावायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे.

घाटातल्या तक्रारीचेही असेच एक उदाहरण आहे, आणि ते फसवे आहे. गाडी निघताना उत्तम ओढते. अर्ध्या-पाऊण तासाने दम टाकू लागते आणि शेवटी थांबते. ड्रायव्हर उतरतो, बिडी ओढतो, पुन्हा सेल्फ मारतो; गाडी पुन्हा अर्धा तास नीट. फिल्टर बदलून झालेले असतात, कुणी पंप उतरवून कॅलिब्रेशनलाही पाठवलेला असतो. दोष असतो टाकीच्या झाकणात. डिझेल ओढले जाते तेवढी हवा टाकीत शिरायला झाकणात किंवा टाकीवर एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की टाकीत पोकळी होते आणि फीड पंपाची ओढ हरते. गाडी दम टाकत असताना झाकण उघडावे : ‘सूं’ असा आवाज येतो आणि गाडीला पुन्हा बळ येते. पुन्हा उपशयच.

ओढ कमी होण्याचा दोष प्रत्येक वेळी इंजिनातच असतो असेही नाही. ब्रेक अडकून राहिला असेल तर इंजिन निर्दोष असूनही गाडी जड वाटते. प्रवासानंतर एक ड्रम इतरांपेक्षा अधिक तापलेला असतो, त्याची धग हात जवळ नेताच जाणवते. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र चढत नाही. आणि कधी पायाखालचे पेडल तळाला टेकते, पण झिजलेल्या दांड्यांमुळे पंपावरचा खटका पूर्ण उघडतच नाही. म्हणून प्रथम सोपे, स्वस्त, बाहेरचे तपासायचे आणि हेड खोलण्याची भाषा शेवटी करायची, हा चांगल्या मिस्त्रीचा शिरस्ता. यात गिऱ्हाइकाच्या पैशाविषयीची सचोटी जशी आहे, तशीच पुराव्याविषयीचीही आहे. उघडलेले इंजिन पूर्वस्थितीत आणता येत नाही. अकाली शस्त्रक्रिया लक्षणेच पुसून टाकते.

आवाजाचेही एक शास्त्र होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायची, म्हणजे आतला एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली; त्याच कुळातली ही रीत. ‘मिसिंग’ कुठले सिलिंडर मारते ते शोधायला चालू इंजिनावर एकेका नोझलच्या नळीचा नट जरासा सैल करीत. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, ते आधीपासूनच काम करीत नव्हते. येथे पुरावा बदलात नसून बदलाच्या अभावात आहे. ही रीत सुमारे दोनशे बार दाबाच्या जुन्या, निव्वळ यांत्रिक इंजिनांची, आणि तिथेही हात तुषारापासून दूर ठेवूनच. तो कातडी भेदून आत शिरू शकतो.

कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ मध्ये ‘सुगावे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. कानाच्या पाळ्या आणि नखे पाहून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली, शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड यांना त्याने एका माळेत गुंफले आणि क्षुल्लक खुणांवरून अदृश्य कारणाकडे जाणाऱ्या ज्ञानपद्धतीचा वंश शिकाऱ्यापर्यंत मागे नेला. गॅरेजचा मिस्त्री त्या निबंधात नाही. पण वंश तोच. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ (१९९६) या पुस्तकात छायाप्रत यंत्रांच्या दुरुस्तीकारांचा अभ्यास करून याहून नेमके काही दाखवले : कंपनीच्या पुस्तकातील पायऱ्यांनी जे बिघाड सुटत नाहीत ते गोष्टींनी सुटतात. दुरुस्तीकार चहा-जेवणाच्या वेळी एकमेकांना जुन्या बिघाडांच्या हकिगती सांगतात, आणि नवा बिघाड म्हणजे त्यांच्यासाठी अजून जुळवायची असलेली हकिगत असते. निदानपंचकातील ‘संप्राप्ती’ ती हीच. मिस्त्रीचे प्रश्नही कथनाचेच असतात : तक्रार केव्हापासून? आधी काय बदलले होते? डिझेल कुठे भरले? रिकामी गाडी ओढते का? तो ड्रायव्हरकडून कथानक मिळवत असतो, आणि ड्रायव्हरने लपवलेले प्रकरण कोणते याचाही अंदाज घेत असतो.

या कथनाची भाषा हा आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, ‘सेल्फ’, ‘नोझल’, ‘टायमिंग’ इंग्रजीतून आले. क्रियापदे मात्र पाहावीत. गाडी ‘ओढते’, ‘दम टाकते’, घाटात ‘बसते’ : ही बैलाची क्रियापदे. इंजिन ‘तापते’, ‘एअर घेते’, डिझेल ‘उतरते’ : ही शरीराची. परभाषेतून यंत्राची नामे घेतली. त्याचे वागणे सांगायला माणसांनी गोठ्यातली आणि आजारपणातली क्रियापदे लावली. इकडे आपल्या कोशवाङ्मयाने ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ असा नेटका शब्द घडवला. तो चुकीचा नाही. पण त्या शब्दाने कुणी ट्रकची तक्रार सांगितल्याचे ऐकिवात नाही. इंजिन कसे चालते हे सांगणारी भाषा आपण घडवली. ते का चालत नाही हे सांगणारी भाषा रस्त्यावर घडली, आणि तिची नोंद जवळपास कुणी ठेवली नाही.

या विद्येचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. ती शाळेच्या वयाच्या मुलांनी गॅरेजात शिव्या आणि चापट्या खाऊन मिळवलेली असे. कान तयार होईपर्यंत फुप्फुसांत जो धूर जाई, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले. आणि मिस्त्री नेहमी खरे निदान करी असेही नाही. ओढ कमी पडली की ‘पंप वाढवणे’, म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचे प्रमाण वाढवणे, हा सर्रास उपाय होता. मूळ दोष हवेचा असे. उपायाने काळा धूर आणि डिझेलचा खर्च तेवढा वाढे. लक्षणावर औषध देणारे वैद्य सगळीकडेच असतात.

मग ती चौकट बदलली. विसाव्या शतकाच्या शेवटी कॉमन रेल पद्धत आली : एका सामाईक नळीत दीड हजार बारच्या पुढे दाबलेले डिझेल, आणि ते केव्हा, किती सोडायचे हे ठरवणारा संगणक. भारतात १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही उत्सर्जनमानके लागू झाल्यावर निव्वळ यांत्रिक पंपाला नव्या ट्रकांत जागा उरली नाही. नट सैल करून ऐकण्याची रीत तिथे जिवावर बेतू शकते. निरोगी नव्या इंजिनाचा धूर जवळजवळ दिसतच नाही. स्कॅनर लावला की पडद्यावर दोषाचा क्रमांक येतो. हवेच्या दृष्टीने हा बदल चांगला झाला यात शंका नाही.

तथापि तो क्रमांक म्हणजे निदान, असे समजणे ही जुनीच चूक नव्या रूपात होईल. ‘रेलमधील दाब कमी’ असे पडदा सांगतो. फिल्टर चोंदला, नळी हवा घेते, पंप थकला की इंजेक्टर गळतो, हे तो क्रमांक स्वतः सांगत नाही. तो ‘रूप’ सांगतो. कारण शोधणे, उपशयाने पडताळणे आणि हकिगत जुळवणे अजून माणसाकडेच आहे. गेले ते वेगळे आहे : डोळा, नाक आणि कान यांनी मिळणारा पुरावा, आणि तो पुरावा शब्दांत मांडणारी बोली. जी यांत्रिक इंजिने अद्याप शेतांवर, दगडखाणींत आणि आडरस्त्यांवर चालतात, त्यांच्यासोबत ही बोलीही शेवटच्या पिढीत आहे.

आपण साहित्याचे विद्यार्थी ओव्या गोळा करतो, म्हणी गोळा करतो. ते योग्यच आहे. पण पन्नास वर्षे लाखो माणसांनी रोज वापरलेली ही कारणमीमांसेची मौखिक परंपरा आपल्या यादीत नाही. भाषाविभागाच्या एखाद्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रक घेऊन महामार्गालगतच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीसमोर बसावे आणि एवढेच विचारावे : ‘चाचा, गाडी सकाळी चालू होत नाही. पहिल्यांदा काय बघता?’ त्या उत्तरात विसाव्या शतकाचा एक इतिहास सापडेल. तो पूर्ण लिहून होईल की नाही, सांगता येत नाही; निदान ऐकून तरी ठेवावा.